शाडूच्या मूर्तीपलीकडचं पाणी: पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

गेल्या गणपतीच्या आधीची कमिटीची मीटिंग आठवते ना? मूर्ती शाडूचीच हवी, प्लास्टर ऑफ पॅरिस नको, विसर्जन नदीत नको, बादलीतच करायचं आणि ते पाणी कुंड्यांना घालायचं, यावर आपण दोन तास घालवले. मीही हिरिरीने बोलले. मीटिंग संपली, सगळे दारात बूट घालत होते, तेव्हा आपल्यातल्याच एकाने सहज सांगितलं, की त्याच्या घरामागच्या टेकडीपलीकडे गॅसचं पॅड होतंय, म्हणजे गॅसच्या विहिरी खणायचा तळ. लीजवर सही झालीये, बोनसचा चेकही आला.

"पाणी बोअरचंच आहे ना तुझं?" मी विचारलं.

"हो. पण ते लोक बघतात ना सगळं. इथे काय आपल्यासारखं नाही मावशी, इथे गव्हर्न्मेंट आहे."

हे पत्र त्याच्या त्या वाक्याला उत्तर आहे. त्या रात्री मला चटकन बोलता आलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

मी मूळची डोंबिवलीची. लहानपणी एमआयडीसीकडच्या नाल्याचा रंग बघून आम्ही आज कुठल्या कारखान्याची पाळी चालू आहे ते ओळखायचो, आणि त्याचं आम्हाला काही वाटायचं नाही. मग माटुंग्याला यूडीसीटीत शिकले, इथे आले, आणि नोकरीची सगळी वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या भरण्यात आणि आकडे लिहिण्यात गेली. 'इथे गव्हर्न्मेंट आहे' यावर माझाही विश्वास होता. अजूनही थोडा आहे. गॅसविरुद्ध माझी मोहीमही नाही. माझ्या शेगडीवरचा कुकर त्याच गॅसवर शिट्ट्या देतो. पण गव्हर्न्मेंट नेमकं काय बघतं आणि काय बघत नाही, हे कळल्यावर मी गप्प बसू शकत नाही.

आधी शब्दांची एक भानगड मिटवते. इंग्रजीत पाण्याचीही वेल आणि गॅसचीही वेलच. मी पाण्याच्या विहिरीला बोअर म्हणेन आणि गॅसच्या विहिरीला वेल, म्हणजे घोळ नको.

२००४ मध्ये आपल्याच वॉशिंग्टन काउंटीत मार्सेलस शेल नावाच्या गॅस धरून ठेवणाऱ्या खडकातली पहिली वेल फ्रॅक झाली. हा खडक साधारण दीड-दोन किलोमीटर खाली आहे. उभं भोक तिथवर न्यायचं, मग आडवं वळवायचं, आणि पाणी, वाळू नि रसायनं प्रचंड दाबाने घुसवून खडक तडकवायचा, हेच फ्रॅकिंग. वाळू भेगा उघड्या धरते, गॅस वर येतो. सुरुवातीच्या वर्षांत एका वेलला सरासरी चाळीस लाख गॅलनपेक्षा जास्त पाणी लागायचं, म्हणजे दीड कोटी लिटरच्या वर. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली तेव्हा तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. म्हणजे एका वेलला तसल्या तीसेक गाड्या. आता आडवी भोकं कितीतरी लांब गेली आहेत, तेव्हा हिशेब आणखी वाढला.

पण लातूरची आठवण इथे पूर्ण लागू पडत नाही, हेही सांगायला हवं. पेनसिल्व्हेनियात पाऊस भरपूर. एकूण पाण्याच्या मानाने फ्रॅकिंगचा वाटा मोठा नाही. प्रश्न असतो तो ऑगस्टमध्ये, टेकडीतल्या एखाद्या लहानशा ओढ्यातून टँकरमागून टँकर भरले जातात तेव्हा. आणि इथली देखरेख खरोखर चांगली आहे, निदान अर्ध्या राज्यात. सस्क्वेहॅना नदीच्या खोऱ्यात एक आयोग आहे. इतर उद्योगांना दिवसाला एक लाख गॅलनपेक्षा जास्त उपसा करायचा असेल तरच त्याची परवानगी लागते. गॅसवाल्यांना मात्र पहिल्या गॅलनपासून लागते. नदी ठरावीक पातळीखाली गेली की पंप बंद, वाद नाही. तिकडे पूर्वेला डेलावेअर खोऱ्याच्या आयोगाने २०२१ च्या फेब्रुवारीत फ्रॅकिंगवर सरळ बंदीच घातली. आणि आपण? आपण ओहायोच्या खोऱ्यात. आपल्या मोनोंगाहेला, म्हणजे मॉन, आणि अलेघेनी नद्यांवर उपशाची परवानगी देणारा असा आयोगच नाही. पाण्याचा आराखडा राज्याचं पर्यावरण खातं, म्हणजे डीईपी, मंजूर करतं. एकच राज्य, एकच खडक, आणि पाऊस कुठल्या उतारावर पडला यावर कायदा ठरतो.

तरी पाणी किती घेतलं हे निदान मोजलं जातं. त्यात काय मिसळलं, तिथून पुढे घोळ सुरू होतो.

कंपन्यांची माणसं सांगतात, साडेनव्याण्णव टक्के पाणी आणि वाळू, रसायनं फक्त अर्धा टक्का. ते खोटं नाही. पण आपण इंजिनिअर मंडळी टक्क्यांवर समाधान मानतो हे मला नवलाचं वाटतं. दीड कोटी लिटरचा अर्धा टक्का म्हणजे पंचाहत्तर हजार लिटर. डोंबिवलीच्या रस्त्यावर दिसतो तसा दहा हजार लिटरचा टँकर धरला तर साडेसात टँकर, एका वेलला. एका पॅडवर अनेक वेल असतात.

त्यातली सगळीच रसायनं भीतीदायक नाहीत. फ्रॅकिंगचं पाणी दाट करायला आपल्या गवारीच्या बियांचा डिंक वापरतात. तीच गवार, जिची भाजी पोरं ताटाच्या कडेला सारतात. २०११-१२ मध्ये अमेरिकेतल्या मागणीने राजस्थान-हरियाणात गवारीचे भाव असे भडकले की मार्च २०१२ मध्ये तिच्या वायदेबाजाराला टाळं लावावं लागलं. मार्सेलसमध्ये मात्र गवारीपेक्षा पॉलिअॅक्रिलमाइडचं पातळ पाणी जास्त चालतं. त्याबरोबर हायड्रोक्लोरिक अॅसिड, जंतू मारायला ग्लुटराल्डिहाइड, कुठे मिथेनॉल, कुठे इथिलीन ग्लायकॉल. ही नावं मला माहीत आहेत कारण ती जाहीर होतात. जी जाहीर होत नाहीत त्यांचं काय?

२००५ च्या केंद्रीय ऊर्जा कायद्याने फ्रॅकिंगला पिण्याच्या पाण्याच्या कायद्यातल्या भूमिगत इंजेक्शनच्या नियमांतून वगळलं. डिझेल वापरलं तरच तो नियम लागू. लोक त्याला हॅलिबर्टन पळवाट म्हणतात. तेल-वायूच्या विहिरींतून निघणारा कचरा तर त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकातच घातक कचऱ्याच्या केंद्रीय नियमांतून बाहेर काढला होता. म्हणजे तेच द्रव्य माझ्या जुन्या प्रयोगशाळेच्या ड्रममध्ये असतं, तर त्यावर लाल लेबल, रजिस्टर, सही, पुन्हा सही. वेलमधून आलं की त्याचा वर्गच वेगळा.

राहिला राज्याचा कायदा, २०१२ चा अॅक्ट १३. त्यात रसायनांची यादी फ्रॅकफोकस नावाच्या नोंदवहीत द्यावी लागते, फ्रॅकिंग संपल्यावर साठ दिवसांच्या आत. 'संपल्यावर' हा शब्द पुन्हा वाचा. बोअरचं पाणी आधी तपासायचं असेल तर कशासाठी तपासायचं ते आधी कळायला नको? त्यातही एखादं रसायन व्यापारी गुपित म्हणून झाकता येतं. केंद्राच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २०११ ते २०१३ च्या नोंदी तपासल्या तेव्हा सत्तर टक्क्यांहून जास्त नोंदींत निदान एक घटक असा झाकलेला होता. मी आयुष्यभर अज्ञात नमुने तपासले आहेत. काय शोधायचं ते माहीत नसेल तर यंत्र कितीही महागाचं आणा, रिपोर्टवर 'आढळले नाही' असंच येतं.

याच अॅक्ट १३ मध्ये आपल्या डॉक्टरमंडळींसाठी एक गंमत होती. रुग्णाच्या उपचारासाठी त्या गुपित रसायनाचं नाव हवं असेल तर डॉक्टरने गोपनीयता पाळण्याची हमी द्यायची. आणि कुठे सांडलं तर डीईपीने सार्वजनिक पाणीपुरवठ्याला कळवायचं. खाजगी बोअरवाल्याला कळवणं कायद्यात नव्हतं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या सप्टेंबरमध्ये या दोन्ही गोष्टी रद्द केल्या. आपल्या मंडळात किती डॉक्टर आहेत ते मोजा, आणि त्यांतल्या किती जणांना हे माहीत होतं ते विचारा. मी विचारलं. तिघांना विचारलं, तिघांनाही नव्हतं.

आता खालून परत येणाऱ्या पाण्याकडे येते, कारण माझ्या मते खरं दुखणं तिथे आहे. वर येणारं पाणी हे वरून घातलेलं पाणी राहत नाही. खडकात कोट्यवधी वर्षं अडकलेला खार ते घेऊन येतं. मार्सेलसचं हे पाणी समुद्राच्या कितीतरी पट खारट असू शकतं, आणि त्यात बेरियम, स्ट्रॉन्शियम, ब्रोमाइड, रेडियम. हे कुणी मिसळलेलं नसतं, त्यामुळे कुणाच्या यादीतही नसतं.

२००८ च्या शरद ऋतूत मॉन नदीला पाणी कमी होतं आणि विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण इतकं चढलं की काही भागांत लोकांना पिण्यासाठी बाटलीबंद पाणी वापरा असं सांगण्यात आलं. जुन्या कोळसाखाणींचा पाझर त्यात होताच, पण वेलचं खारं पाणी तेव्हा सरळ गावोगावच्या सांडपाणी केंद्रांत जात होतं. ती केंद्रं मैला साफ करण्यासाठी असतात. मीठ त्यांतून जसंच्या तसं बाहेर येतं. नदीत ब्रोमाइड वाढलं, की खालच्या गावच्या जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीन टाकताच ब्रोमीनयुक्त ट्रायहॅलोमिथेन तयार होतात. मग नळाला पाणी 'शुद्ध' करूनच विष येतं. २०११ च्या एप्रिलमध्ये राज्याने कंपन्यांना हे मे महिन्यापर्यंत थांबवायला सांगितलं. सांगितलं, म्हणजे विनंती केली. केंद्राने कायद्याने बंदी घातली २०१६ मध्ये. मधल्या काळात, २०१३ मध्ये, ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्लॅकलिक क्रीकवरच्या एका खारपाणी प्रक्रिया केंद्राखालचा गाळ तपासला. वरच्या अंगाच्या गाळापेक्षा तिथे रेडियम सुमारे दोनशे पट होतं. रेडियम-२२६ अर्धं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. विदर्भात वाकाटकांचं राज्य होतं तेव्हापासून ते आजपर्यंत, एवढा काळ.

आज बरंचसं पाणी पुढच्या वेलला पुन्हा वापरतात, ते चांगलंच. उरलेलं ओहायोत खोल विहिरींत ढकलतात. तिथल्या यंग्सटाउनला २०११ च्या शेवटच्या दिवशी त्यामुळेच जमीन हादरली. आणि वेलमधला घन कचरा साध्या लँडफिलमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या डेपोत, जातो. पावसाचं पाणी त्यातून पाझरतं, तो पाझर पुन्हा कुठल्या तरी सांडपाणी केंद्राकडे. २०१९ मध्ये मॉनकाठच्या बेल व्हर्ननला हेच झालं, कोर्टाला मध्ये पडावं लागलं. पुढच्या दाराने बंद केलेली गोष्ट मागच्या दाराने आत आली, कारण दोन्ही दारांचे राखणदार वेगळे आहेत.

मग ईपीए काय करत होती? २०१५ च्या मसुद्यात त्यांनी म्हटलं, की पिण्याच्या पाण्यावर व्यापक आणि पद्धतशीर परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाही. त्यांच्याच विज्ञान सल्लागार मंडळाने विचारलं, हे कुठल्या आकड्यांवरून? २०१६ च्या डिसेंबरमधल्या अंतिम अहवालातून ते वाक्य गेलं. काही परिस्थितींत परिणाम होतात, असं अहवाल म्हणतो, आणि देशभराचा अंदाज बांधण्याएवढी माहितीच नाही, असंही म्हणतो. मोजलंच नाही तर सापडणार काय?

आपल्या राज्याचा हिशेब असा. २०१४ साली राज्याच्या ऑडिटर जनरलने डीईपीचं ऑडिट केलं आणि हे खातं शेलच्या लाटेसाठी तयारच नव्हतं असा शेरा दिला. त्याच वर्षी डीईपीने पहिल्यांदा जाहीर केलं, की २००८ पासून तेल-वायूच्या कामामुळे खाजगी पाणीपुरवठा बिघडल्याची २४३ प्रकरणं त्यांनी स्वतः निश्चित केली आहेत. ती सगळी फ्रॅकिंगच्या रसायनांची नव्हेत. बऱ्याच ठिकाणी सिमेंट नीट न बसल्याने मिथेन वर आला, काही ठिकाणी बोअर आटली. दोन किलोमीटर खडक फोडून रसायन सरळ वर येतं असं मी म्हणत नाही, कुणी शहाणा म्हणणार नाही. वाट मिळते ती केसिंगच्या, म्हणजे वेलमधल्या पोलादी नळीच्या, बाजूने, किंवा शंभर-दीडशे वर्षांपूर्वी खणून सोडून दिलेल्या तेलविहिरीतून. टायटसव्हिलला १८५९ मध्ये तेल काढायला सुरुवात झाली, तेव्हापासून या राज्याची चाळण झाली आहे. २०२२ च्या जूनमध्ये ग्रीन काउंटीतल्या न्यू फ्रीपोर्टला फ्रॅकिंगच्या वेळी अशाच एका सोडून दिलेल्या विहिरीतून द्रव वर आला. ते गाव आपल्यातल्या बऱ्याच जणांपासून तासाभराच्या अंतरावर आहे.

आणि डिमॉक, राज्याच्या ईशान्येकडचं खेडं. २००९ च्या पहिल्याच दिवशी तिथे एका घराच्या बोअरचा खड्डा मिथेनने उडाला. कंपनीने कोर्टात 'नो कंटेस्ट', म्हणजे आरोपाविरुद्ध लढत नाही, असं म्हटलं ते २०२२ च्या नोव्हेंबरअखेरीस. १ कोटी ६२ लाख ९० हजार डॉलर गावाच्या नळयोजनेसाठी, शिवाय ७५ वर्षांची पाणीपट्टी. वाचून मला बरं वाटलं होतं. मग कळलं, की त्याच सुमारास डीईपीने तिथली ड्रिलिंगबंदीही उठवली.

२०२० मध्ये फ्रॅकिंगची चौकशी करणाऱ्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे नागरिकांच्या चौकशी-मंडळाने, सुचवलं होतं, की वेल घरापासून ५०० फुटांवर नको, अडीच हजार फुटांवर हवी, आणि रसायनं आधीच जाहीर व्हावीत. तो अहवाल ज्यांनी प्रसिद्ध केला ते जॉश शपिरो तेव्हा अॅटर्नी जनरल होते, आज गव्हर्नर आहेत. २०२३ मध्ये त्यांनी एका कंपनीशी स्वेच्छेचा करार केला. रसायनं आधी जाहीर होणार, ही त्यातली चांगली गोष्ट. शाळा-रुग्णालयांना अडीच हजार फूट, तेही चांगलं. घरांना सहाशे. पाचशेवर शंभर फूट. भाजीवाली सुद्धा यापेक्षा जास्त कोथिंबीर वर घालते.

तर आता माझं मागणं, आणि ते आधी तुमच्याकडे आहे.

या राज्यात दहा लाखांवर खाजगी बोअर आहेत, तीस लाखांवर लोक त्यांचं पाणी पितात, आणि बोअर कशी बांधावी याचा राज्यभर लागू असा नियमच नाही. तपासणं तुमचं तुम्हीच. पण अॅक्ट १३ मध्ये तुमच्या बाजूचं एक कलम आहे, आणि ते फार कमी जण वाचतात. वेलच्या उभ्या भोकापासून अडीच हजार फुटांच्या आत तुमची बोअर असेल आणि काम संपल्यापासून बारा महिन्यांत पाणी बिघडलं, तर दोष कंपनीचाच असं कायदा गृहीत धरतो. नाही म्हणायचं असेल तर सिद्ध त्यांनी करायचं. फक्त, आधीचा नमुना घ्यायला आलेल्या त्यांच्या माणसाला तुम्ही परत पाठवलं असेल, तर हे कवच गेलं. आपल्याकडे कुणी अनोळखी दारात आलं की आपण 'नो, थँक यू' म्हणून दार लावतो. या एका माणसाला लावू नका. त्याला घेऊ द्या, त्याच्या रिपोर्टची प्रत मागा, आणि शिवाय स्वतःच्या पैशाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून, नमुना हस्तांतराच्या पूर्ण नोंदीसह, वेगळी तपासणी करून घ्या. मिथेन, क्लोराइड, ब्रोमाइड, बेरियम, स्ट्रॉन्शियम नक्की घाला. बिघाड वाटला तर डीईपीला लेखी कळवा. दहा दिवसांत चौकशी सुरू करणं आणि पंचेचाळीस दिवसांत निर्णय देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. आणि अडीच हजार फूट उभ्या भोकापासून मोजतात, हे ध्यानात ठेवा. आडवं भोक तुमच्या देवघराखालून गेलं तरी ते मोजमापात नाही. घराच्या कागदात खालचा गॅस तुमचा आहे की पन्नास वर्षांपूर्वीच कुणी विकून टाकलाय, तेही बघून घ्या.

मंडळाच्या कमिटीला वेगळी विनंती. टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीच्या, सुनावण्यांना मी जाते. तीन मिनिटं बोलू देतात. आपल्यात पीएचड्या, पेटंटं, एमडी, हायड्रॉलिक्स शिकवणारे प्राध्यापक आहेत, आणि त्या खुर्च्यांवर शेतकरी बायका वह्या घेऊन बसलेल्या असतात. सेसिल टाउनशिपने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये घरांपासूनचं अंतर अडीच हजार फूट केलं, ते अशाच लोकांच्या रेट्याने. ठरावाला पुढे कोर्टात आव्हान मिळालं, पण ठराव झाला. मंडळाने आपल्या लेटरहेडवर डीईपीला एक पत्र धाडावं: रसायनांची यादी ड्रिलिंगच्या आधी, शेजारच्या प्रत्येक बोअरवाल्याच्या हातात, गुपित न राखता, आणि खारं पाणी कुठल्या टँकरने कुठे गेलं याची नोंद कुणालाही बघता येईल अशी. मसुदा मी करते, आकडे मी तपासते. लेटरहेडवर गणपतीचं चित्र असलं तरी चालेल.

आणि ज्यांच्याकडे बोअर आहे त्यांनी मला फोन करा. शनिवारी सकाळी मी येईन. बाटल्या, बर्फाची पेटी, लेबलं माझी. नमुना प्रयोगशाळेत कसा द्यायचा तेही दाखवीन. चहा नंतर. आधी फिल्टरच्या अलीकडचा नळ सोडून ठेवा, माझी गाडी वळणावर दिसली की लगेच. निदान पंधरा मिनिटं वाहू द्या.

तुमचीच,
वॉशिंग्टन काउंटीतली एक निवृत्त केमिस्ट